वायफाय शोधणारे यंत्र घ्यावे का? दिवा लागतो, पण नेट लागत नाही

अकोले तालुक्यात राजूर सोडून भंडारदऱ्याच्या पुढे निघाले, की मोबाइलचा टॉवर एकेक काडीने कमी व्हायला लागतो. रतनवाडीकडे, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्यांना हे नवीन नाही. माळशेज घाटातून कल्याणला भाजीपाला नेणाऱ्या टेम्पोवाल्यालाही नाही. पाथर्डी-शेवगावहून कारखान्याच्या तळावर उतरणाऱ्या ऊसतोड कामगाराला तर पहिला प्रश्न पाण्याचा असतो आणि दुसरा रेंजचा. घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे कसे, हा त्यांच्यासाठी करमणुकीचा विषय नाही.

याच अडचणीवर बोट ठेवून ऑनलाइन बाजारात एक छोटे यंत्र विकले जाते. किल्लीच्या जुडग्याला अडकवता येईल एवढे. बटण दाबले की आसपास वायफाय असेल तर दिवा लागतो. वायफाय डिटेक्टर, वायफाय फाइंडर, सिग्नल डिटेक्टर अशी त्याची नावे. प्रवासाला निघणाऱ्याने ते खिशात ठेवावे, म्हणजे नेटवाचून अडणार नाही, असा जाहिरातीचा सूर.

उत्तर आधीच सांगायचे तर, नको. घेऊ नका. पण का नको, हे समजून घेतले तर नुसते यंत्राचे पैसे वाचतील असे नाही, घाटात किंवा स्टँडवर अडकल्यावर नेमके काय करायचे तेही कळेल.

हे यंत्र नेमके करते काय?

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. घरातला किंवा हॉटेलातला राउटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत लहरी सोडतो. साधे डिटेक्टर यंत्र यातल्या २.४ च्या पट्ट्यात काही हालचाल आहे का, एवढेच ऐकते. आवाज मोठा असेल तर चार दिवे, लहान असेल तर एक.

घोळ असा, की याच २.४ च्या पट्ट्यात ब्लूटूथ चालते, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच येते. स्वस्तातल्या यंत्राला हा फरक कळत नाही. शेजारच्याच्या कानातले ब्लूटूथ पाहूनही त्याचा दिवा लागू शकतो. उलट एखाद्या ठिकाणी फक्त ५ गिगाहर्ट्झचे वायफाय असेल, तर जुने यंत्र गप्प बसते. जरा महाग यंत्राला छोटी पाटी असते. त्यावर वायफायचे नाव, ताकद आणि कुलूप आहे की नाही, एवढे दिसते.

आता हातातला मोबाइल काढा आणि वायफायच्या यादीत जा. नाव, ताकद आणि कुलपाचे चित्र हे सगळे तिथे फुकट दिसते. पाच-सहा हजारांच्या फोनमध्येही दिसते. जे खिशात आहे तेच दुसऱ्यांदा विकत घेण्यात शहाणपण नाही.

मग हे यंत्र निघाले कशासाठी?

हे यंत्र बिनकामाचे म्हणून जन्मले नव्हते. २००४ च्या आसपास अमेरिकेत ते बाजारात आले, तेव्हा त्याला अर्थ होता. नेट लॅपटॉपवर चालायचे. लॅपटॉप चालू व्हायला काही मिनिटे लागायची, बॅटरी दोन-तीन तासांत संपायची. फिरतीवरच्या माणसाने प्रत्येक चौकात लॅपटॉप उघडून बघायचे म्हणजे बॅटरीची वाट. त्यापेक्षा खिशातले यंत्र दाबले आणि दिवा लागला तरच लॅपटॉप उघडला, हे सोयीचे होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या काळी कित्येकांच्या घरचे, दुकानाचे वायफाय उघडे असायचे. पासवर्ड टाकायची लोकांना सवयच नव्हती. म्हणून दिवा लागला की बहुतेक वेळा नेटही लागायचे.

आपल्याकडे हे उघडे वायफाय कसे बंद झाले, याची गोष्ट महाराष्ट्रातलीच आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी माध्यमांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तर तो नवी मुंबईत सानपाड्याला निघाला. तिथल्या एका घरातले वायफाय भलत्यानेच वापरले होते. पुढे सप्टेंबरमधल्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा ई-मेलही मुंबईत चेंबूरच्या एका वायफायवरून गेल्याचे निघाले. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथके उघडी वायफाय हुडकत रस्त्यावर फिरली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढली, की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवलीच पाहिजे.

तेव्हापासून स्टेशन असो की हॉटेल, सार्वजनिक वायफायला मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, मगच नेट सुरू होते. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण डिटेक्टरचे काम तिथेच संपले.

ओटीपीचा तिढा

समजा, प्रवासी अशा जागी उभा आहे जिथे त्याच्या मोबाइलला अजिबात रेंज नाही. जवळ सार्वजनिक वायफाय आहे, यंत्राचे चारही दिवे लागले. त्याने वायफायवर बोट ठेवले, नंबर टाकला. आता ओटीपी येणार कुठून? तो येतो एसएमएसने, आणि एसएमएसला लागते मोबाइलची रेंज. रेंज असती तर वायफायची गरज निम्म्याने कमीच होती.

म्हणजे ज्याला वायफायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ते उघडत नाही. घरात जेवण तयार आहे, पण किल्ली दुसऱ्या गावाला, अशातली गत. यंत्र कितीही भारी घेतले तरी हा तिढा सुटत नाही, कारण त्याला फक्त लहर दिसते. आपल्याला परवानगी आहे का, राउटरच्या मागे खरेच नेट चालू आहे का, चालू असेल तर किती वेगाने, यातले काहीच त्याला सांगता येत नाही.

रेल्वे स्थानकांचे उदाहरण घ्या. रेल्वेची कंपनी रेलटेल आणि गूगल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून मोफत वायफाय सुरू केले. जून २०१८ पर्यंत ४०० स्थानके झाली. पण मधेच, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आले आणि मोबाइलचा डेटा एकदम स्वस्त झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने या योजनेतून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. डेटा स्वस्त झाल्याने गरज कमी झाली, हे त्यामागचे एक कारण त्यांनीच सांगितले. रेलटेलने पुढे सेवा चालू ठेवली आणि ती सहा हजारांवर स्थानकांत नेली. दिवसाला पहिली ३० मिनिटे १ एमबीपीएस वेगाने फुकट, त्यापुढे पैसे भरून, असा नियम ठेवला. २०२१ मध्ये आलेल्या भरणा योजना १० रुपयांपासून होत्या.

यातही यंत्राची गरज कुठेच पडत नाही. स्थानकात वायफाय आहे का, हे फोन दाखवतो. नंबर टाकल्याशिवाय ते चालत नाही. आणि स्थानकात बहुतेक वेळा मोबाइलला रेंज असतेच.

दिवा लागला, पण कशाचा?

एसटीने प्रवास करणाऱ्यांना आठवत असेल. काही वर्षांपूर्वी महामंडळाच्या गाड्यांत वायफायच्या पेट्या बसवल्या होत्या. फोनला वायफाय जोडले जायचे, पण त्यात इंटरनेट नव्हते. पेटीत आधीच भरून ठेवलेले सिनेमे, गाणी तेवढी बघता यायची. डिटेक्टर अशा गाडीत धरला असता तर त्याने सगळे दिवे लावले असते. प्रवाशाला मात्र घरी एक मेसेजही टाकता आला नसता.

हे झाले निरुपद्रवी उदाहरण. खरी भीती बनावट वायफायची आहे. गर्दीच्या जागी, देवस्थानच्या परिसरात, स्टँडवर कुणीही मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून त्याला ‘फ्री वायफाय’ असे नाव देऊ शकतो. भामटा दोन हातांवर बसला असेल तर त्याची लहर सगळ्यात जोरदार, म्हणजे यंत्राचे दिवेही सगळ्यात जास्त. साधा माणूस त्यालाच चांगले नेटवर्क समजणार.

बँकेची आणि यूपीआयची अॅप स्वतःचे व्यवहार सांकेतिक करून पाठवतात, त्यामुळे वायफायला नुसते जोडले म्हणून खाते लगेच रिकामे होत नाही. फसवणूक होते ती पुढच्या पायरीवर. जोडल्यावर एक पान उघडते. त्यावर नाव, नंबर, ई-मेलचा पासवर्ड, कधी कार्डचा नंबर मागतात, किंवा एखादे अॅप उतरवायला सांगतात. माणूस घाईत असतो, भरून मोकळा होतो. सार्वजनिक वायफायला मोबाइल नंबर आणि त्याचा ओटीपी यापलीकडे काही लागत नाही. त्याच्यापुढे कुणी काही मागितले की तिथेच थांबायचे. पैशांचा व्यवहार करायचा तर मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर करायचा. तरीही फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन लावायचा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

असलीच यंत्रे हल्ली दुसऱ्या नावानेही विकली जातात, लॉजवर छुपा कॅमेरा शोधायला. कुटुंब घेऊन शिर्डीला किंवा थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्याला ती भुरळ घालतात. त्यांचेही दुखणे तेच. आपल्याच फोनपाशी, शेजारच्या खोलीतल्या राउटरपाशी ती ओरडतात. आणि जो कॅमेरा लहरी न सोडता मेमरी कार्डावर चित्रण साठवतो, त्याच्यापाशी गप्प राहतात. खोलीत अंधार करून बॅटरीच्या उजेडात भिंतीवरची घड्याळे, चार्जर, आरशाच्या कडा नीट न्याहाळणे आणि संशय आला तर पोलिसांना ११२ वर कळवणे हे जास्त उपयोगाचे. यंत्र वाजले नाही म्हणून निर्धास्त झालेला माणूस हे बघायचेच सोडून देतो, तो धोका वेगळाच.

वायफाय कामाला येते, पण विचारून

याचा अर्थ रेंज नसलेल्या भागात वायफाय बिनकामाचे असे नाही. उलट आहे. भंडारदरा-घाटघरसारख्या भागात ज्या हॉटेलवाल्याने, घरगुती मुक्कामवाल्याने केबलचे नेट घेतले आहे, त्याचे वायफाय मिळाले तर मोबाइलला टॉवर नसतानाही फोन लावता येतो. याला वायफाय कॉलिंग म्हणतात. एअरटेल आणि जिओने ही सोय २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला आणली. फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण असते. ते घरून निघतानाच चालू करून ठेवायचे, कारण रानात गेल्यावर ते शोधत बसणे जमत नाही. कॉलला वेगळे पैसे लागत नाहीत, नेहमीच्याच प्लॅनमध्ये होतो.

पण ते वायफाय कुठे आहे, हे यंत्राला विचारायचे नसते, मालकाला विचारायचे असते. “दादा, नेट आहे का? पासवर्ड द्याल का?” एवढ्या दोन वाक्यांत काम होते. मुक्काम ठरवतानाच फोनवर हे विचारून घेतले, तर आणखी बरे. आणि वायफायचा पल्ला मुळात किती? भिंती असतील तर काही मीटर, मोकळ्यात फार तर शंभराच्या आसपास. म्हणजे यंत्राचा दिवा लागेल तेव्हा ते घर डोळ्यासमोरच असते.

प्रवाशाचा खरा प्रश्न

घाटात किंवा डोंगरात अडकलेल्या माणसाचा प्रश्न ‘इथे वायफाय आहे का’ हा नसतोच. त्याला हे हवे असते, की रेंज कुठे जाणार, पुन्हा कुठे येणार आणि मधल्या पट्ट्यात काही झाले तर काय. या प्रश्नाचे उत्तर देणारे काही साधन आज खिशातच आहे, तेही फुकट.

पहिले, नकाशे. दूरसंचार नियामक प्राधिकरण ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपापल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक झाले आहे. कोणत्या कंपनीचे टूजी, फोरजी, फाइव्हजी कुठे आहे, ते त्यात दिसते. नकाशात रंग भरला म्हणून दरीच्या तळाशी रेंज असेलच असे नाही. पण कोणत्या रस्त्यावर कोणते सिम बरे, याचा अंदाज येतो.

दुसरे, फोनमधला आकडा. काड्यांवर फार भरवसा ठेवू नये, प्रत्येक फोन त्या आपल्या पद्धतीने दाखवतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिम स्टेटस असते. तिथे सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसते. फोरजीला उणे ८५ च्या आसपास असेल तर चांगले, उणे १०५ म्हणजे अशक्त, उणे ११५ च्या पुढे गेले की कॉल तुटायला लागतात. दहा पावले इकडे-तिकडे सरकून, उंचवट्यावर जाऊन हा आकडा बघितला तर फोन कुठून लागेल ते कळते. म्हणजे खरा डिटेक्टर हाच.

तिसरे, दुसऱ्या कंपनीचे सिम. आज बहुतेक फोनमध्ये दोन सिमची जागा असते. दोन्ही एकाच कंपनीची असतील तर एक गेले की दुसरेही जाते. ज्या भागात जायचे तिथे कोणते चालते, ते तिथल्या चहावाल्याला, गाईडला विचारावे.

चौथे, ११२. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण त्या जागी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा टॉवर पकडत असेल, तर आणीबाणीचा फोन त्यावरून जाऊ शकतो. फोनवर ‘इमर्जन्सी कॉल ओन्ली’ असे दिसते त्याचा अर्थ हाच. बरेच जण ते वाचून ‘नेटवर्क नाही’ म्हणतात आणि फोन खिशात घालतात. तसे करू नका, ११२ लावून बघा.

पाचवे, निघण्याआधीची तयारी. नकाशाचा तो भाग फोनमध्ये उतरवून ठेवला, तर नेटशिवायही रस्ता दिसतो. तिकिटाचा, आधारचा फोटो फोनमध्ये असावा. खिशात रोख चारपाचशे रुपये असावेत. रेंज नाही म्हणून पेट्रोलपंपावर, टपरीवर यूपीआय अडकते तेव्हा नोटच कामाला येते. आणि रेंज नसलेल्या भागात फोन सारखा टॉवर शोधत राहतो, त्यात बॅटरी झपाट्याने उतरते. घाट लागला की विमान मोड टाकावा, घाट संपला की काढावा.

खर्चाचा हिशेब

डिटेक्टर यंत्र काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळते. तेवढ्याच पैशांत बरी पॉवर बँक येते, किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमचा काही महिन्यांचा रिचार्ज होतो. फोन बंद पडल्यामुळे अडकलेले प्रवासी गावोगाव भेटतील. डिटेक्टर नव्हता म्हणून अडकलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही.

याच दुकानांत आणखी एक वस्तू मिळते, नेटवर्क बूस्टर. तिच्या नादाला तर अजिबात लागू नये. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असा बूस्टर विकणे, बाळगणे आणि वापरणे बेकायदा आहे. शिवाय तो आसपासच्या टॉवरच्या कामात अडथळा आणतो. एका घराला दोन काड्या जास्त मिळतात आणि वाडीतल्या दहा घरांचे फोन तुटतात.

मागायचे ते इथे मागा

यंत्र विकत घेऊन सुटेल असा हा प्रश्न नाही, कारण अडचण शोधण्याची नाही, सेवाच नसण्याची आहे. आणि सेवेच्या योजना कागदावर आहेत.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. पूर्वी टपरीवर पिवळ्या पाटीचे पीसीओ असायचे, तसे किराणा दुकानदाराने, चहावाल्याने लोकांना वायफाय विकायचे. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी शुल्क लागत नाही. जवळचे असे वायफाय कुठे आहे, हे दाखवणारे अॅपही आहे. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे उद्दिष्ट होते. पीएम-वाणीचा आकडा अजून लाखांतच आहे. ग्रामपंचायतींना तारेने जोडणारी भारतनेट योजना मूळ २०११ ची. जिथे तार आली, तिथे तिचे नेट कार्यालयाच्या कपाटात न राहता स्टँडवरच्या प्रवाशापर्यंत आले पाहिजे.

दुसरी योजना टॉवरची. जुलै २०२२ मध्ये केंद्राने फोरजी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला, काम बीएसएनएलकडे दिले. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक चांगली सोय जाहीर झाली. डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या टॉवरवर एकाच कंपनीचे नव्हे, तर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल अशा सगळ्यांचे ग्राहक फोरजी वापरू शकतील. डोंगरातल्या गावात तीन कंपन्यांचे तीन टॉवर कधीच येणार नाहीत. एक आला आणि तो सगळ्यांना चालला, तर प्रवाशाचे अर्धे दुखणे जाईल. आपल्या वाडीजवळचा टॉवर या निधीतला आहे का आणि त्यावर ही सोय सुरू झाली का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो, ठरावात लिहिता येतो.

आणि एक मागणी तर अगदी बिनखर्चाची आहे. घाटाच्या तोंडाशी, गडाच्या पायथ्याशी, एसटी थांब्यावर एक पाटी लावावी. ‘येथून पुढे इतके किलोमीटर रेंज नाही. अमुक वळणावर अमुक कंपनीची रेंज मिळते. अडचणीत ११२.’ स्थानिक गुराखी, गाईड, एसटीचे चालक यांना ही माहिती तोंडपाठ असते. बांधकाम विभागाने, वन विभागाने किंवा ग्रामपंचायतीने ती पत्र्यावर लिहायची, एवढेच काम. पावसाळ्यात गाडी बंद पडलेल्या, पोरेबाळे सोबत असलेल्या माणसाला त्या पाटीचा जो आधार होईल, तो कोणत्याही यंत्राच्या चार दिव्यांना द्यायचा नाही.